जामघाटातून मिरचीच्या वाळवणापर्यंत : दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून थांबत-थांबत करायची फेरी

राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत दिवाळीच्या आधीपासूनच एक विषय सुरू होतो. भाऊबीज उरकली की कुठं जायचं? उत्तर ठरलेलं असतं, महेश्वर. सकाळी निघायचं, ए. बी. रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, सुसाट धामनोद गाठायचं, घाटावर फोटो, दोन साड्यांची खरेदी आणि रात्री जेवायला घरी. आम्हीही कितीतरी वर्षं असंच करत आलो होतो. एका वर्षी ए. बी. रोडवर ट्रकांची रांग लागली म्हणून महूतून जामघाटाच्या रस्त्याला गाडी घातली. त्या दिवशी आईने गाडी सहा वेळा थांबवायला लावली. एकदा रंगवलेल्या शिंगांच्या बैलजोडीसाठी, एकदा भिंतीवर रेखलेल्या मांडणा-नक्षीसाठी, एकदा फक्त सीताफळांच्या टोपलीसाठी. महेश्वरला पोचायला दुपारचे तीन वाजले, पण घरी परतल्यावर सगळे बोलत होते ते त्या सहा थांब्यांबद्दल.

तेव्हापासून आम्ही ही फेरी मुक्कामाच्या गावावरून न आखता थांब्यांवरून आखतो. पाहुणे पुण्याहून आले, नागपूरहून आले, तरी त्यांना याच रस्त्याने नेतो. दोन दिवस, एक मुक्काम, सगळं मिळून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. शिवाय पाडव्याच्या संध्याकाळची एक वेगळी, अर्ध्या दिवसाची फेरी. ती कशी करायची, ते सगळं क्रमाने लिहितो.

आधी तिथी बघा, मग तारीख

या फेरीत काय दिसणार हे तिथीवर ठरतं. पाडव्याच्या दिवशी माळव्यात गुराढोरांचा सण असतो. गाई-बैल धुऊन त्यांची शिंगं रंगवतात, अंगावर गेरूचे नाहीतर रंगाचे पंजे उमटवतात, गळ्यात घुंगरं नि मोरपिसं घालतात. काही गावांत अजूनही दिवाळीच्या रात्री हीड गातात, गुरांच्या कौतुकाची लांबलचक गाणी. ही सजलेली गुरं रस्त्यावर दिसतात ती एखाद-दोन दिवस. मग रंग उतरतो.

दुसऱ्या बाजूने, लक्ष्मीपूजन ते भाऊबीज महेश्वरचे हातमाग बंद असतात, मंड्याही बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत. म्हणून आमची विभागणी अशी: पाडव्याला संध्याकाळी गौतमपुरा, भाऊबीज घरी, तृतीया-चतुर्थीला निमाडची, म्हणजे घाटाखालच्या नर्मदाकाठची, फेरी. तोवर गर्दी थोडी ओसरलेली असते, माग पुन्हा वाजायला लागलेले असतात. मंडीत मुहूर्ताचे सौदे होऊन कामकाज कधी सुरू होणार, हे मात्र निघण्याआधी ओळखीतल्या कुणाला तरी विचारून घ्या.

दिवाळीत जमलं नाही तर नाताळच्या सुट्टीत जा. सजलेली गुरं आणि सीताफळं चुकतील, पण मिरचीचं वाळवण तेव्हा भरात असतं आणि नर्मदेची परिक्रमा करणारे रस्त्यावर दिसतात. माझ्या आईला दिवाळीची फेरी आवडते, मला डिसेंबरची.

डिकीत काय असावं

यादी छोटी आहे, पण प्रत्येक गोष्ट कधी ना कधी नडल्यामुळे तिच्यात आली आहे. एक जुनी चादर, कारण थांबलात की बसावंसं वाटतं. दोन-तीन कापडी पिशव्या आणि एक झाकणाचा डबा. सुट्टे पैसे, दहा-वीसच्या नोटा भरपूर, कारण सीताफळ विकणाऱ्या बाईकडे दर वेळी क्यूआर कोड असेलच असं नाही आणि घाटात मोबाईलला रेंज जाते. प्रत्येकासाठी एक सुती रुमाल. तो कशाला, ते बेडियाच्या मिरची मंडीजवळ कळेल. फराळाचा डबा मोठा घ्या, रस्त्यात कुणी चहा पाजला तर त्यांच्या हातावर चार शंकरपाळे ठेवता येतात.

गाडीचे ब्रेक आणि टायरची हवा आदल्या दिवशी बघून घ्या. जामघाटाचा उतार तीव्र आहे. पहिल्या वेळी मी तो सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलो होतो. खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागला आणि अर्धा तास गाडी सावलीत उभी करावी लागली. उतार सुरू होण्याआधीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, ब्रेक लागेल तेवढाच, दाबून-सोडून. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर कसा लावायचा ते घरीच शिकून घ्या.

थांबण्याचे नियम

आमच्या गाडीत दोन नियम आहेत. पहिला, दिवसाला ठरलेले थांबे चारच; बाकीची वेळ मोकळी ठेवायची. दुसरा, काय दिसतंय हे सांगायचं काम मागच्या सीटचं. गाडी चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा. मागून दोघांनी एकदम "थांब थांब" म्हटलं की थांबायचं, पण तिथल्या तिथे नाही. वळण ओलांडून, सरळ रस्ता लागला की कच्च्या पट्टीवर पूर्ण खाली उतरवून, इंडिकेटर चालू ठेवून. मग चालत मागं यायचं. त्या दोनशे पावलांत अनेकदा आणखी काहीतरी सापडतं.

माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घराच्या भिंतीवरचं मांडणंही कुणाच्या तरी हातचं असतं. लाल गेरूवर पांढऱ्या खडूने काढलेल्या त्या वेली, पावलं, चौक सुनेने किंवा लेकीने एक दिवस राबून रेखलेले असतात. "किसने बनाया?" एवढं विचारा. बहुतेक वेळा जिने काढलं ती बाई पदर सावरत बाहेर येते आणि कुठली रेघ कशी ओढली ते सांगते. आपल्या रांगोळीतले ठिपके आणि तिचे चौक यांची तुलना सुरू झाली की वीस मिनिटं कुठं जातात कळत नाही.

पहिला दिवस : राऊ, महू, पाताळपाणी

सकाळी साडेसहाला निघा. पोहे-जिलबी राऊच्या आसपास खाऊन घ्या, पुढे घाटापर्यंत खाण्याचं ठरलेलं ठिकाण नाही.

महू सुमारे तेवीस किलोमीटर. ही छावणी १८१८ मध्ये, मंदसौरच्या तहानंतर बसली. होळकरशाहीचा मोठा तुकडा ज्या तहाने गेला, तोच हा तह. इथल्याच काळी पलटण भागात १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, इथल्या लष्करी शाळेत शिकवत. पांढऱ्या घुमटाचं स्मारक आज तिथं उभं आहे. मराठी माणसाने महूवरून जाताना तिथं न थांबता जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सकाळी शांतता असते, आणि विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली मंडळी पायरीवर डोकं टेकताना दिसतात. त्यांच्याशी मराठीत बोला. इथं मराठी ऐकून त्यांना फार बरं वाटतं.

महूपासून आत सहा-सात किलोमीटरवर पाताळपाणी. बहुतेक लोक धबधब्यासाठी येतात. दिवाळीपर्यंत त्याची धार बारीक झालेली असते आणि कठड्याच्या पलीकडे उतरायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा. जुलै २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात इथं एका कुटुंबातली माणसं वाहून गेली होती. मी मात्र इथं थांबतो ते रुळांच्या कडेच्या टंट्या मामाच्या देवळासाठी.

टंट्या भिल्ल निमाडचा. सावकारांना लुटून गरिबांना वाटणारा म्हणून त्याला सगळे 'मामा' म्हणत. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी दिलं आणि त्याचं शव या रेल्वेमार्गाजवळ आणून टाकलं, असं इथले लोक सांगतात. देऊळ लहान आहे. मीटरगेजच्या काळात खंडव्याकडे जाणारी प्रत्येक गाडी इथं क्षणभर थांबे. ड्रायव्हर हात जोडे, शिटी वाजे, मग गाडी घाटात उतरे. रेल्वेवाले म्हणत की पुढे चाळीस फुटांना एक फूट असा उतार असल्याने ब्रेक तपासायला थांबतो. गावकरी म्हणत की मामाला सलामी दिल्याशिवाय गाडी पुढं जातच नाही. मला दोन्ही खरं वाटतं. इतक्या उतारावर गाडी घालण्याआधी माणूस ब्रेकही बघतो आणि हातही जोडतो.

याच मार्गावर डिसेंबर २०१८ पासून पाताळपाणी ते कालाकुंड अशी हेरिटेज गाडी सुरू झाली. ती वर्षभर रोज धावत नाही, म्हणून तिकिटाची चौकशी आधी करा. गाडी मिळाली तर कालाकुंडच्या फलाटावर खाकऱ्याच्या, म्हणजे आपल्या पळसाच्या, पानांच्या द्रोणात कलाकंद विकायला येतो. दाणेदार, किंचित धुरकट चवीचा, आणि पानाचा हिरवा वास त्याला चिकटलेला. गावाचं नाव कालाकुंड आणि मिठाईचं कलाकंद, मुलांना हे पाठ व्हायला एक घास पुरतो.

जामघाट

महूहून मंडलेश्वरचा रस्ता बडगोंद्यावरून जातो. पाऊस संपून महिना झालेला असतो, डोंगर हिरव्याचे पिवळे होत असतात. इथंच सीताफळांच्या टोपल्या दिसायला लागतात. घेताना डोळे फुललेले, फटीत पांढरट-गुलाबी झाक असलेले घ्या. दुसऱ्या दिवशी खायचे असतील तर थोडे कडक. टोपलीतल्या वरच्या फळांवर न जाता तिला सांगा, "आज खाण्याचे चार, उद्याचे चार". ती बरोबर निवडून देते. बोटाने दाबून बघू नका, फळ काळं पडतं.

जाम दरवाजा रस्त्याच्या अगदी कडेला, विंध्याच्या काठावर उभा आहे. एका बाजूला माळवा, दुसऱ्या बाजूला हजारभर फुटांहून खाली पसरलेला निमाड. अहिल्याबाईंनी तो १७९१ मध्ये बांधवला. पठारावरून राजधानी महेश्वरला उतरणाऱ्या वाटेची ही चौकी. खाली कमान, वर खोल्या आणि झरोके. लोक कमानीखाली फोटो काढून भज्यांच्या गाडीकडे वळतात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका.

कमानीच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर हात ठेवा. दगड तिथं गुळगुळीत झाला आहे. गाड्या-बैलांच्या, ओझी वाहणाऱ्यांच्या, वारा चुकवायला टेकून उभ्या राहिलेल्यांच्या पाठी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ इथं घासल्या असतील. माझ्या मुलीने पहिल्यांदा तिथं गाल टेकवला आणि म्हणाली, "बाबा, हा थंड आहे, बाहेरचा गरम आहे." तेव्हापासून आम्ही प्रत्येक पाहुण्याला हा प्रयोग करायला लावतो. मग वरच्या झरोक्यातून खाली बघा. हवा स्वच्छ असेल तर दूर एक चकचकीत रेघ दिसते, ती नर्मदा.

सुट्टीत दहानंतर इथं मोटारसायकलींची गर्दी होते आणि रस्त्यावर वाट मिळत नाही. नऊ-साडेनऊपर्यंत पोचा. भाजलेला भुट्टा मिळत असेल तर जरूर खा. आणि आपला कचरा परत डिकीत. दरवाज्याच्या मागच्या उतारावर चिप्सची पाकिटं बघून दर वेळी जीव तुटतो.

घाट उतरलात की अंगातला स्वेटर काढावा लागतो. हवा बदलते, माती बदलते, बोली बदलते. भिंतींना कापसाचे ढीग टेकलेले, अंगणात मक्याची कणसं, घरांवर कवेलू, म्हणजे कौलं. वळणावर शेंदूर फासलेले भेरूजी, म्हणजे भैरव, दिसतील. नारळ फोडलेला, अगरबत्ती विझलेली. घाटातले चालक त्यांना हात जोडल्याशिवाय पुढं जात नाहीत.

महेश्वर : मुक्काम

महेश्वरबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी दोनच गोष्टी सांगतो.

पहिली, किल्ल्यातली सकाळ. राजवाड्याच्या आवारात सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास लिंगार्चन चालतं. ब्राह्मण रांगेने बसून काळ्या मातीची इवली इवली पार्थिव लिंगं पाटावर वळत असतात, बोटाच्या पेराहूनही लहान, ओळीवर ओळ. पूजा झाली की ती सगळी नर्मदेत जातात. दुसऱ्या दिवशी नवी माती. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनची ही रीत आहे. त्यांना जाऊन (१३ ऑगस्ट १७९५) दोन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी रोजचा पाट मांडला जातो. तिथं बोलू नका, मोबाईल खिशात ठेवा, फक्त बोटं बघा. लिंग वळायला एका माणसाला एक श्वास लागतो.

दुसरी, मागाची गल्ली. दुकानात साडी घेण्याआधी विणकरांच्या वस्तीतून चालत जा. खट-खट आवाज येईल त्या दारात उभं राहून विचारा, बहुतेक जण आत बोलावतात. महेश्वरीच्या काठावरचे चटई, रुईफूल, लहर हे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांतल्या कोरीवकामातून आले आहेत. संध्याकाळी घाटावर उतरताना पायऱ्यांच्या कडेची नक्षी निरखा आणि मग हातातला काठ बघा. आईने एकदा बरोबर तोच नमुना दगडात शोधून काढला आणि साडीचा पदर त्याला लावून धरला. आजूबाजूचे चार प्रवासीही आपापले पदर घेऊन दगड शोधायला लागले.

वेळ असेल तर नावेने नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जा. सहस्रधारेला, जलकोटीकडे, पाणी खडकांतून फुटून शेकडो धारांनी वाहतं. लांबूनच बघा, खडक निसरडे आहेत आणि प्रवाहाची ओढ फसवी आहे. मुक्काम मात्र दिवाळीच्या महिनाभर आधी ठरवा.

दुसरा दिवस : उत्तर तीराने बडवाह

लिंगार्चन बघून साडेनऊला निघा. मंडलेश्वर, धारगाव करत बडवाहचा रस्ता नर्मदेच्या उत्तर तीराला समांतर जातो, पन्नासेक किलोमीटर. या रस्त्यावर घाई करू नका, कारण इथं परिक्रमावासी चालत असतात; दिवाळीत तुरळक, देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर जास्त. पांढरे कपडे, हातात काठी, खांद्याला पडशी, कमंडलू किंवा बाटलीत नर्मदाजल. परिक्रमेत नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची असते. म्हणून उत्तर तीरावरचे सगळे पूर्वेकडे, म्हणजे तुम्ही चाललात त्याच दिशेने चालत असतात. तुम्हाला त्यांच्या पाठीच दिसतात. गाडी हळू करा, हॉर्न वाजवू नका, पुढे जाऊन थांबा आणि "नर्मदे हर" म्हणा. तेच उत्तर येईल. मग विचारा, कुठून आलात. दर चार जणांत एखादा तरी मराठी बोलणारा निघतो, असा माझा अनुभव आहे. लिफ्ट देऊ करू नका, पायी परिक्रमेत ते चालत नाही. पाणी, केळी, चहा द्या. एकदा साताऱ्याकडच्या एका आजींना आम्ही चकल्या दिल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, एक रुमालात बांधली आणि म्हणाल्या, "ही रात्री. दिवाळी आहे ना."

बेडिया : लाल रस्ता

बडवाहहून मोरटक्क्याचा पूल ओलांडा. ओंकारेश्वराच्या गर्दीमुळे सुट्टीत इथं गाड्या तुंबतात, म्हणून अकराच्या आत पूल पार होईल असं बघा. ओंकारेश्वर याच फेरीत घुसवू नका. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घाईत घेऊन समाधान होत नाही आणि हातचं सगळं सुटतं.

सनावदहून खरगोनच्या रस्त्याला लागलात की खिडक्या बंद असूनही नाकाला कळतं. बेडियाची मंडी देशातल्या मोठ्या मिरची मंड्यांपैकी एक आहे, आणि तिच्या आसपासची मोकळी रानं मिरचीने झाकलेली असतात. पहिल्या तोडणीची मिरची नोव्हेंबरात दिसायला लागते. डिसेंबर-जानेवारीत नजर पोचेल तिथपर्यंत लाल असतं. सकाळी ताजी ओली मिरची गडद, चकचकीत. चार दिवसांपूर्वीची मंद, विटकरी. एका टोकाला पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढलेली. हे तीन रंग शेजारी-शेजारी बघितले की वाळवणाचा सगळा क्रम समजतो.

आता तो सुती रुमाल काढा, ओला करून नाका-तोंडावर बांधा. लहान मुलांना गाडीपासून लांब नेऊ नका आणि काहीही झालं तरी हात डोळ्यांना लावू देऊ नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. वाळवणावर पाय पडणार नाही हे सांभाळा.

तिथं बायका मिरची निवडत बसलेल्या असतात, तोंडाला ओढणी घट्ट बांधून. आम्ही पहिल्यांदा थांबलो तेव्हा एकीने मूठभर मिरच्या उचलून माझ्या बायकोच्या कानाजवळ हलवल्या. बियांचा खुळखुळा वाजला. मग दुसऱ्या ढिगातली मूठ हलवली, ती मुकी. "ये अभी कच्ची है," ती म्हणाली. मिरची वाळली की नाही हे आम्ही तेव्हापासून कानाने ओळखतो. देठाजवळ दाबून बघा, नुसतीच वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली तर तयार. घरासाठी घ्यायची तर देठासकट घ्या, जास्त टिकते. तिखट आणि रंग वेगवेगळ्या जातींत असतो. म्हणून सरळ सांगा, "रंगासाठी किलोभर, तिखटाला पाव". दोन वेगळ्या पिशव्या बांधून घ्या आणि त्या कापडीच हव्यात. प्लास्टिकमध्ये घाम सुटून मिरचीला बुरशी धरते.

रावेरखेडी

बेडियाजवळून नर्मदेकडे आत वळलं की रावेरखेडी. शेतांमधला अरुंद रस्ता आहे, वाट विचारत जा. गावातल्या पोरांना "पेशवा की समाधी" म्हटलं की पुरतं.

पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी इथं, नर्मदाकाठच्या छावणीत, तापाने गेले. वय चाळीसही पुरं नव्हतं. काठावर दगडी तटाचं आवार आणि मध्ये साधा चौथरा. फलक वाचायला दोन मिनिटं लागतात, पण तिथं किमान अर्धा तास बसा. आवारात बहुतेक वेळा कुणीच नसतं. भिंतीवरून पाणी दिसतं, कापसाच्या शेतातून ट्रॅक्टरचा आवाज येतो. एवढा वेगाने दौडलेला माणूस इतक्या संथ जागी थांबला, हे तिथं बसल्यावर फार जाणवतं. आईने फराळाच्या डब्यातला एक अनारसा चौथऱ्याजवळ ठेवला होता. मी काही विचारलं नाही, तीही बोलली नाही.

चैत्र-वैशाखात इथं ऊन सोसत नाही. दिवाळी ते संक्रांत हीच वेळ.

अडीच वाजता निघा. सनावदला जेवण उरका, दाल-पानिये मिळाले तर सोडू नका. मक्याच्या पिठाचा जाड गोळा पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात. मग बडवाह, चोरल, भैरव घाट, सिमरोल. या रस्त्यावर रुंदीकरणाची कामं चालू असल्याने वळणं बदलतात, आणि दिवाळीनंतर सहा वाजता अंधार पडतो. घाट उजेडातच चढून घ्या.

पाडव्याची संध्याकाळ : गौतमपुरा

ही फेरी वेगळी आणि सगळ्यांसाठी नाही. इंदूरहून देपालपूरमार्गे पंचावन्न-साठ किलोमीटर. वाटेत बनेडियाचं जैन मंदिर बघा. ते उडत आलं आणि इथं उतरलं अशी आख्यायिका आहे, शेजारी मोठं तळं आहे. गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंवरून पडलं.

पाडव्याला सूर्य मावळताना तिथं हिंगोट युद्ध होतं. हिंगोट म्हणजे आपल्याकडच्या हिंगणाचं फळ, हिंगणबेट. ते कोरून वाळवतात, आत फटाक्याची दारू भरतात, तोंड मातीने बंद करून बांबूची काडी बांधतात. वात पेटवून फेकलं की सरसरत जातं. गौतमपुऱ्याचे लढवय्ये 'तुर्रा', शेजारच्या रुणजी गावचे 'कलंगी'. आपल्या शाहिरीतला कलगी-तुरा इथं आगीच्या खेळात भेटतो, हे ऐकून माझे शाहिरीवेडे काका तिथं जायला तयार झाले. देवनारायणाचं दर्शन घेऊन दोन्ही दळं मैदानात उतरतात. डोक्याला फेटा, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी.

जाणार असाल तर नीट ऐका. दर वर्षी माणसं भाजतात, २०१७ मध्ये एका तरुणाचा जीव गेला. जाळी असली तरी हिंगोट वरून येऊ शकतं. मुलांना नेऊ नका. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, नायलॉन अजिबात नको. चार वाजेपर्यंत पोचा, गाडी गावाबाहेर इंदूरच्या दिशेला तोंड करून लावा. जाळीपासून मागे, एखाद्या पक्क्या भिंतीच्या आडोशाला उभं राहा. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा संध्याकाळी न थांबता दुपारीच जाऊन आलो. दुपारी घरांच्या ओट्यांवर बसून म्हातारे हिंगोटांना काड्या बांधत असतात. एक एक फळ हातात तोलून, काडी सरळ आहे का ते डोळ्यासमोर धरून बघतात. मला तेच जास्त आवडलं, आणि ते मुलांनाही दाखवता येतं.

घरी आल्यावर

सीताफळं त्याच रात्री टोपलीतून काढून पसरून ठेवा, एकावर एक राहिली तर सकाळी लगदा होतो. मिरचीची पिशवी गाडीत ठेवू नका, दुसऱ्या दिवशी काच उघडताना डोळ्यांत पाणी येईल. गच्चीवर जुन्या साडीवर दोन ऊन द्या, मग मूठ उचलून कानाजवळ हलवा. खुळखुळली की देठं काढून दळायला द्यायची.